गेट आणि ज्ञानूचं लोह

टप्प.

दुपारचे अडीच वाजले होते. माझा नवरा सुजीत दुसऱ्या पाळीला गेला होता, कुकर धुऊन पालथा घातला होता, वरच्या मजल्यावरच्या मंगलाताईंचा मिक्सरसुद्धा गप्प होता. ज्ञानू झोपली आहे अशा समजुतीवर मी वही उघडून बसले होते. दिवसातला हा पाऊण तास माझा असतो. त्यात मी काहीही करू शकते, म्हणून बहुतेक वेळा काय करावं याचा विचार करण्यातच तो जातो. तर तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. टप्प. मग थोडं थांबून पुन्हा टप्प.

उठून पाहिलं तर ज्ञानू फ्रिजसमोर उभी. एका हाताने फ्रॉक गळ्यापर्यंत वर धरलेला. दुसऱ्या हाताने फ्रिजवरचं आंब्याच्या आकाराचं चुंबक बेंबीच्या जरा वर दाबून धरलेलं. तिने मनात काहीतरी मोजलं आणि हात काढला. चुंबक फरशीवर पडलं.

"अजून नाय चिकटत," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. ताप उतरला नाही हे सांगणाऱ्या नर्सचा आवाज असतो ना, तसा होता.

माझी मुलगी पाच वर्षांची आहे आणि आपल्या अंगात लोखंड किती भरलं हे ती दिवसातून तीनदा तपासते. याला जबाबदार तिघं. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष खंडेराव काका, गेटजवळच्या काँक्रीटमध्ये कापलेली चार मिलिमीटर रुंदीची एक खाच, आणि मी. क्रम तुम्ही लावा. मी लावायला गेले की माझा नंबर दर वेळी वर सरकतो.

आमची सोसायटी बोईसरला, तारापूरच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यालगत. चोवीस बिऱ्हाडं, एक गेट, आणि एक वॉचमन होता. तो भातलावणीला म्हणून जव्हारकडे गावी गेला. लावणी झाली, कापणी झाली, त्या भाताच्या भाकऱ्या खाऊनही झाल्या असतील, पण तो काही परत आला नाही. मग सभेत ठरलं की गेट आपोआप उघडणारं बसवायचं. आत येताना रिमोट दाबायचा, आणि बाहेर जाताना गाडी गेटजवळ आली की गेटला आपलं आपण कळायचं.

"हे बघायला कोणीतरी जबाबदार माणूस हवा," खंडेराव काका म्हणाले. काका एका कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झालेत. त्यांच्या काळात सही केल्याशिवाय तिथून एक वॉशरसुद्धा बाहेर गेलेला नाही. त्यांनी सभेवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबवली.

मी सावरून बसले. ज्ञानू व्हायच्या आधी चार वर्षं मी तारापूरला एका कारखान्यात उपकरणांच्या विभागात होते. वाफेचा दाब, टाक्यांची पातळी, सगळं माझ्या तक्त्यांवर चालायचं. इतक्या वर्षांनी कोणाला तरी ते आठवलं, या विचाराने मला जरा भरूनच आलं.

"जागृती घरीच असते," काका म्हणाले. "तिने बघावं."

तर असं ते काम मला मिळालं.

गाडी ओळखणारी ही जी वस्तू असते तिला लूप म्हणतात. म्हणजे काही फार नाही. जमिनीत चौकोनी खाच कापायची, त्यात तारेचे चार वेढे घालायचे, वरून डांबरासारखा मसाला ओतून ती बंद करायची. तारेतून बारीकसा प्रवाह जात असतो. वर धातूचं काही आलं की त्या प्रवाहात फरक पडतो. बाजूच्या पेटीतल्या यंत्राला तो कळतो आणि ते मोटारीला सांगतं, उघड. हे मी सभेत सोप्या शब्दांत सांगितलं. ते सोपे आहेत असं फक्त मलाच वाटलं.

"म्हणजे जमिनीत करंट सोडणार?" मंगलाताईंनी विचारलं. "आणि आम्ही खालून दूध आणायला अनवाणी जातो त्याचं काय?"

"लूप म्हणजे गोल ना?" काका म्हणाले. "मग चौकोनी का? कंत्राटदाराने फसवलंय तुला."

मी म्हटलं, चौकोनी असला तरी लूपच म्हणतात, आणि त्याचेही कोपरे तिरके कापायचे असतात, नाहीतर तार तिथे दुमडून तुटते. काकांनी वहीत लिहून घेतलं: 'कोपरे तिरके, कारण समजले नाही.' दुसऱ्या मजल्यावरच्या एकांनी सुचवलं की एवढ्यासाठी जमीन कशाला कापायची, गेटला घंटा बांधा आणि ज्याला जायचं त्याने वाजवावी. उघडणार कोण, हे मात्र त्यांनी सुचवलं नाही.

कामाच्या आदल्या दिवशी काकांनी फळ्यावर सूचना लावली. ती त्यांनी फोनवर बोलून टाइप करून घेतली होती आणि छापून येताना तिच्यात एका अक्षराचा फरक झाला होता. 'रविवारी सकाळी नऊ वाजता गेटजवळ लूट होणार आहे. सर्व रहिवाशांनी आपापल्या गाड्या बाहेर काढून सहकार्य करावे.' शेजारच्या सोसायटीतली माणसंसुद्धा नऊला हजर होती. सहकार्य करायला की वाटा घ्यायला, ते मी विचारलं नाही.

दुसरा लूप गेटच्या बाहेर हवा होता, गाडी अर्धी आत असताना गेट बंद होऊ नये म्हणून. बाहेरची ती दोन हात जागा कोणाची, हे विचारायला मी एका कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी नकाशा पाहून ती दुसऱ्या कार्यालयाची आहे असं प्रेमाने सांगितलं. दुसऱ्या कार्यालयाने ती तितक्याच प्रेमाने पहिल्याला परत दिली. सरकारी जमिनीबद्दल कोणी इतकं निर्मोही असेल असं मला वाटलं नव्हतं. शेवटी काका म्हणाले, ज्याची असेल तो विचारायला येईल, तेव्हा आपण त्यालाच पावती मागू.

बसवायला धीरज नावाचा कारागीर आला. ठरल्यापेक्षा दोन दिवसांनी आला, पण हिऱ्याच्या पात्याचं कटर घेऊन आला आणि सरळ रेषेत खाच कापली, त्यामुळे मी काही बोलले नाही. संध्याकाळी गेट सुरू झालं. टाळ्या वाजल्या. मंगलाताईंची स्कूटर गेली, गेट उघडलं. एक मोटार गेली, गेट उघडलं. मग कोणीच गेलं नाही, तरीही उघडलं. बंद झालं, परत उघडलं. कोणी नसताना ते सरकत राहिलं, झोप न येणारा माणूस घरात फेऱ्या मारतो तसं.

"काहीतरी दिसतंय त्याला," मंगलाताई हळूच म्हणाल्या. "पूर्वी इथे मळा होता म्हणतात."

"मॅडम, लूप तो एकदम ठीक है," धीरज म्हणाला. "गेट में ही कुछ प्रॉब्लेम है."

गेटमध्ये काही नव्हतं. मी पेटीचं झाकण काढलं. लूपपासून पेटीपर्यंत येणाऱ्या दोन तारा त्याने नुसत्या शेजारी शेजारी सोडल्या होत्या. त्या दोन तारांना एकमेकींभोवती पीळ घालावा लागतो, मीटरला कमीत कमी वीस, घट्ट. नाहीतर त्या मोकळ्या तारा आजूबाजूची प्रत्येक हालचाल आपल्यालाच सांगितली असं समजतात. शिवाय खाच गेटच्या फारच जवळ कापली होती, त्यामुळे गेट सरकलं की लूप गेटलाच गाडी समजायचा. स्वतःच्या चाहुलीने स्वतःच उघडायचं ते.

धीरज म्हणाला, ट्विस्ट उद्या करतो. मी त्याच्या हातातून तारा घेतल्या आणि तिथेच पायरीवर बसून पीळ घालायला लागले. ज्ञानू शेजारी येऊन बसली. एक, दोन, तीन, ती मोजत होती. तेराच्या पुढे ती नेहमी सोळावर जाते, म्हणून काही ठिकाणी दोन पीळ जास्त पडलेत. चालतं. मग यंत्राची संवेदनशीलता दोन खुणा कमी केली आणि गेट शांत झालं. बऱ्याच वर्षांनी माझ्या बोटांना तांब्याचा वास येत होता. हात धुवावेसे वाटेनात.

आता काकांचा स्टोअरबाणा जागा झाला. "चाचणी नोंदवही हवी," ते म्हणाले. "प्रत्येक वाहन दहा वेळा. तारीख, वाहन, शेरा, सही." झाडाखाली प्लॅस्टिकची खुर्ची टाकून ते बसले. मोटार, पास. स्कूटर, पास. दुधवाल्याची सायकल दहातून सहा वेळा पास. चार वेळा नापास म्हटल्यावर दुधवाला दोन दिवस रागाने आला नाही.

आणि मग मंजुळाबाई आल्या. मंजुळाबाई किनाऱ्यावरच्या मुरबे गावच्या. रोज दहा वाजता मासळी घेऊन येतात आणि गेटच्या आत, बदामाच्या सावलीत बसतात. त्यांची पाटी अ‍ॅल्युमिनियमची, त्यांच्या भाषेत जर्मनची, चांगली परातीएवढी. त्यांनी ती डोक्यावरून उतरवली, नेहमीच्या जागी ठेवली, आणि गेट उघडलं.

मंजुळाबाईंनी गेटकडे पाहिलं. मग काकांकडे. "बघा तात्या," त्या म्हणाल्या. "तुमी दोन महिनं झालं मला उठवताव. यो मला आत घ्याया लागलाय."

"ते गाडीसाठी आहे."

"मंग? माजी गाडी यीच हाय."

"नोंदवहीत पाटी हा प्रकार नाही," काका म्हणाले.

"नसंल तर घाला. बोंबील लिवा, पापलेट लिवा. सही मी करते."

शेवटी काकांनी खडूने एक चौकोन आखला. लूपच्या हातभर पलीकडे. मंजुळाबाईंनी त्याच्याबाहेर पाटी ठेवायची नाही असं ठरलं. मंजुळाबाई त्या चौकोनात बसल्या, पण बसताना असं काही वळून पाहिलं की जणू जागा आखून मिळाली हा आपलाच विजय आहे.

हे सगळं ज्ञानू बघत होती. तिने बाजूला जाऊन चपला नीट घातल्या, लूपच्या मधोमध येऊन उभी राहिली, आणि वाट पाहिली.

गेट ढिम्म.

"आई, मला का नाय उघडत?"

"माणसांसाठी ते बाजूचं छोटं दार आहे ना, बाळा. मोठ्या गेटला धातू लागतो. लोखंड वगैरे."

तिचा हिशेब सुरू झाला. तिच्या हिशेबांची मला भीती वाटते. मग ती म्हणाली, "डॉक्टरकाका म्हणाले ना, माझ्यात लोह कमी हाय. पप्पा म्हणाले लोह म्हणजे लोखंड."

इथे थोडं थांबते. आदल्याच आठवड्यात पालघरच्या डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं होतं. हिमोग्लोबिन आठ पूर्णांक दोन. माझ्याकडे न बघता ते म्हणाले होते, औषध नियमित गेलं पाहिजे, सव्वा महिन्याने पुन्हा तपासू, आकडा वर आला नाही तर दवाखान्यात ठेवून सुईतून लोह द्यावं लागेल. ते औषध काळपट लाल असतं आणि त्याला गंजलेल्या खिळ्याची चव असते. मी चाखून पाहिलंय. सात दिवसांत ज्ञानूने ते दोनदा भिंतीवर, एकदा सुजीतच्या शर्टावर आणि एकदा माझ्या केसांत थुंकलं होतं. पालकाला ती पानं म्हणायची, तेही तिरस्काराने. मी समजावलं होतं, रागावले होते, एकदा बाथरूममध्ये नळ सोडून रडलेही होते.

म्हणून त्या दिवशी, लूपवर उभ्या असलेल्या माझ्या मुलीकडे बघत, चार वर्षं दाब आणि पातळी अचूक मोजणारी बाई म्हणाली, "हो. म्हणूनच नाही उघडत."

त्या संध्याकाळी ज्ञानूने स्वतः चमचा पुढे केला. डोळे मिटून औषध प्यायली, वर गूळ मागितला. दुसऱ्या दिवशी पालकाची भाजी. तिसऱ्या दिवशी खजूर, "दोन दे, लवकर भरंल." मंजुळाबाईंना तिने सगळी हकिगत सांगितली. त्या दर दोन दिवसांनी ओंजळभर तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेगळ्या काढून ठेवू लागल्या. "याच्यात लय लोकांड असतं, बाय. दगडाला चिकटून ऱ्हातात ना, म्हनून." मी त्यांना दुरुस्त केलं नाही. तिसऱ्यांत लोह असतंच, आणि खोटं बोलण्यात मी त्यांच्या पुढे होते.

रोज सकाळी शाळेच्या आधी ज्ञानू लूपवर उभी राहायची. रोज गेट बंद. दुपारी चुंबक. मी स्वतःला समजावत होते की महिन्याचाच प्रश्न आहे. रोज बाटलीतलं औषध खाली जात होतं, आणि रोज सकाळी तिचा चेहरा थोडा अधिक उतरत होता. या दोन पातळ्या मी एकाच तक्त्यावर मांडल्या नाहीत, एवढंच.

अठराव्या दिवशी मंगलाताईंची स्कूटर बाहेर गेली. गेट उघडलं आणि थोड्या वेळाने बंद व्हायला लागलं. मी छोट्या दाराशी ज्ञानूची पाण्याची बाटली भरली आहे का ते बघत होते. मान वर केली तर ज्ञानू गेटच्या वाटेत, रुळावर उभी. हात पसरून. तिच्या चेहऱ्यावर अगदी शांत खात्री होती. तिच्यात आता अठरा दिवसांचं लोखंड होतं. गेट तिला पाहून थांबणार होतं.

ते थांबलं नसतं. लूपला पाच वर्षांचं मूल दिसत नाही. हे त्या सोसायटीत फक्त मला माहीत होतं, आणि मीच तिला उलटं सांगितलं होतं.

मी धावले, पण काका जवळ होते. सत्तरीच्या माणसाने बसल्या जागेवरून खुर्चीसकट उडी मारलेली मी पाहिली. त्यांनी खुर्ची गेटच्या आडवी घातली आणि ज्ञानूला दुसऱ्या हाताने ओढलं. गेट खुर्चीवर आदळलं, खुर्चीचा हात कडकन तुटला, आणि मग मोटारीने कुरकुर करत गेट मागे घेतलं.

काकांनी पेटी उघडली, फ्यूज काढला, खिशात घातला. तुटलेल्या खुर्चीवर एका बाजूला कलून बसले. मी ज्ञानूला कडेवर घेऊन तशीच उभी होते. ती कडेवर घ्यायच्या वयाची राहिलेली नाही, पण त्या दिवशी जड लागली नाही.

मी त्यांना सगळं सांगितलं. औषध, लोखंड, सगळं.

"म्हणजे तू खोटं सांगितलंस," ते म्हणाले.

"हो."

"पिते का ती?"

"रोज."

त्यांनी खुर्चीचा तुटलेला हात जागेवर बसवून पाहिला. "माणूस ओळखणारं काही मिळतं का?"

"मिळतं. प्रकाशाचा किरण असतो. आडवं कोणीही आलं तरी गेट थांबतं. मी पहिल्याच यादीत लिहिलं होतं."

"मी खोडलं होतं," काका म्हणाले. "पुढच्या टप्प्यात, असं लिहून." आणि किरण बसेपर्यंत चार दिवस गेट त्यांनी स्वतः हाताने सरकवलं. प्रत्येक गाडीला. नोंदवहीत लिहिलं, 'यंत्रणा बंद. अध्यक्ष हजर.'

किरण मी बसवला. धीरजने भिंतीला भोकं पाडली, बाकी माझं. ज्ञानूच्या गुडघ्याच्या उंचीवर एक आणि खांद्याच्या उंचीवर एक. पुढे रंगाची पिवळी पट्टी ओढली आणि तिच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही हे ज्ञानूकडून तीनदा वदवून घेतलं. त्याच दुपारी मी तिला मांडीवर घेऊन खरं सांगितलं. रक्तातलं लोह वेगळं असतं, इतकं बारीक की गेटला ते कधीच कळत नाही. ते तिला खेळताना दम लागू नये म्हणून असतं. गेटचं मी चुकीचं सांगितलं होतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. "तुला आता नीट माहीत नसंल," ती समजुतीने म्हणाली. "पप्पा म्हणाले तू पूर्वी इंजिनियर होतीस."

पूर्वी हा शब्द पाच वर्षांचं मूल किती स्वच्छ उच्चारतं.

पण माझं बोलणं कुठेतरी पोचलं होतं. संध्याकाळी चमचा पुढे केला तर तिने ओठ मिटले. "गेटला कळतच नाय तर कशाला प्यायचं?" रक्त तपासायला आठ दिवस होते. मी दम लागण्याबद्दल बोलले, सुईबद्दल बोलणार होते, जीभ आवरली. सुजीतने नाकावर चमचा तोलून दाखवला. औषध तिसऱ्यांदा भिंतीवर गेलं. खरं बोलायची ही वेळ मी निवडली होती. दुसरी कुठलीही चालली असती.

दुसऱ्या दिवशी मंजुळाबाईंनी विचारलं, "बाय आज उभी नाय ऱ्हायली?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, कोयता पुसला, ज्ञानूला समोर बसवलं.

"बाय, आयेचं खरं हाय आनि तुजं पन. यो गेट नवीन हाय. माजा नवरा नव्या बोटीवर गेला तवा मशीन त्याचं आयकायचीच नाय. महिनाभर जावं लागलं. मंग वलख पटली. तू औशद सोडलंस तर यो म्हनंल, आली व्हती कुनीतरी, गेली."

"मग किती दिवस?"

"तुजी तपासनी हाय ना? तवर पी. मी सांगते त्याला."

मी तोंड उघडलं होतं. मंजुळाबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि मी ते मिटलं. आठ दिवस औषध पोटात गेलं.

काल पालघरला गेलो. सुई टोचताना ज्ञानू रडली नाही, माझा अंगठा मात्र निळा होईपर्यंत दाबला. दहा पूर्णांक एक. डॉक्टरांनी या वेळी माझ्याकडे पाहून सांगितलं, छान चाललंय, औषध चालू ठेवा, सुईची गरज नाही. एसटीत मी तो कागद चार वेळा उघडून पाहिला. ज्ञानूने तो आपल्या हातात घेतला आणि बोईसरपर्यंत सोडला नाही.

छोट्या दाराने आत आलो. काका झाडाखाली होते, मंजुळाबाई चौकोनात बसून पाटी आवरत होत्या. मला माहीत होतं की ती आता काय करणार, आणि माझ्याकडे काही उपाय नव्हता. रिमोट सुजीतच्या किल्ल्यांना, सुजीत पाळीवर. मी म्हटलं, "ज्ञानू, आधी घरी जाऊन भाकरी खाऊ या." ती ऐकतेय कुठे. कागद छातीशी धरून, पिवळ्या पट्टीच्या अलीकडे, लूपच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

मंजुळाबाई काकांकडे तोंड करून मोठ्याने बोलू लागल्या. "तात्या, काल तुमी बोंबील ताजं नाय म्हनलाव. आज माज्या तोंडाकडं बगून सांगा." आणि बोलता बोलता, पाठीमागे, त्यांचा डावा पाय जर्मनच्या पाटीला लागला. पाटी खडूच्या रेषेवरून इकडे सरकली. एक वीत. आणखी एक वीत.

गेट उघडलं.

ज्ञानू ओरडली नाही, उड्या मारल्या नाहीत. तिने फक्त माझ्याकडे वळून पाहिलं. तो चेहरा मी इथे लिहीत नाही, तो माझा आहे.

काकांना पाटी दिसली होती. खडूची रेषा त्यांनीच आखली होती. ते उठले, नोंदवही उघडली, चष्मा लावला. "पूर्ण नाव?"

"ज्ञानेश्वरी सुजीत सावे."

"वाहन?"

तिने विचार केला. "पायी."

'पायी,' काकांनी लिहिलं. 'पास.' सहीच्या जागी तिने ज्ञा काढला, तो खालच्या दोन ओळींत उतरला. मंजुळाबाईंनी पाटी उचलून डोक्यावर घेतली आणि मुरब्याची रिक्षा गाठायला निघून गेल्या, उघड्या गेटातून, मधोमध. त्यांच्या मागे गेट बंद झालं.

"आता तू," ज्ञानू म्हणाली.

"मी काय?"

"तू उभी ऱ्हा."

"अगं, मला घरी..."

तिने माझा हात धरून मला लूपवर आणलं. पाऊल जरा डावीकडे सरकवलं, मधोमध यावं म्हणून. मी उभी राहिले. काका नोंदवहीचं पान उघडं धरून, पेन हातात घेऊन थांबले. बदामाचं एक पान पडलं. गेट हललं नाही.

"चप्पल काढ," ती म्हणाली. मी काढली. ऊन होतं, काँक्रीट तापलं होतं. ज्ञानू थोडी मागे गेली, आमच्या दोघांकडे, माझ्याकडे आणि गेटकडे, नीट पाहून घेतलं. मग जवळ आली आणि मी तिला विचारते तशाच हळू, काळजीच्या आवाजात तिने विचारलं,

"आई, तुझ्यात काय कमी हाय गं?"